नकाशा आणि कोष्टक यांची फारकत

जमिनीविषयीं बोलावयाला मनुष्यापाशीं दोन भाषा आहेत: एक रेषेची आणि दुसरी आंकड्याची. रेषा सांगते कीं, शेताची हद्द ओढ्याच्या वळणापासून निघून वरच्या आंब्याच्या झाडापर्यंत जाते. आंकडा सांगतो कीं, ह्या हद्दीच्या आंत अमुक इतके आर जमीन भरते. पहिल्या भाषेंत लिहिलेल्या कागदास आपण नकाशा म्हणतों, दुसरींत लिहिलेल्यास कोष्टक. दोन्ही कागद एकाच जमिनीची हकीकत सांगत असल्यामुळें त्यांचें म्हणणें एकच असलें पाहिजे, हें सांगावयास नको. पण व्यवहारांत तसें नेहमीं होत नाहीं. नवी सदनिका घेणाऱ्या शहरांतील गृहस्थानें आराखड्यावरील खोल्यांच्या लांबीरुंदीचा गुणाकार करून तो करारनाम्यांतील चटई क्षेत्राच्या आंकड्याशीं ताडून पाहिला, तर कित्येकदां दोहोंचा मेळ बसत नाहीं. मग तो बुचकळ्यांत पडतो. नकाशा खरा मानावा कीं कोष्टक?

हा प्रश्न जुनाच आहे. परंतु संगणकामुळें त्याला नवें रूप आलें आहे. आज नकाशे संगणकावर काढले जातात, कोष्टकेंहि संगणकावरच मांडलीं जातात, आणि दोहोंच्या मध्यें एक दुवा जोडून देण्याची सोय झाली आहे. एकीकडे आंकडा बदलला कीं दुसरीकडे तो आपोआप बदलावा, अशी ही योजना. योजना उत्तम आहे. परंतु हा दुवा कोठें तुटतो, कसा तुटतो आणि तुटल्याची खूण कोणती, हें न जाणतां त्यावर भरंवसा टाकला, तर त्याचा भुर्दंड बहुधा अशा मनुष्यास पडतो कीं ज्यानें त्या संगणकाचें तोंडहि पाहिलेलें नसतें. म्हणून ह्या दुव्याच्या दुखण्यांचा आणि त्यांवरील उपायांचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. मुंबई इलाख्यांत प्रिंगल यांनीं केलेली पहिली मोजणी इ. स. १८२८ च्या सुमारास पुरी झाली. परंतु मोजणींतील आणि हिशेबांतील दोषांमुळें ती सोडून द्यावी लागली. त्यानंतर १८३६ मध्यें इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीचा आरंभ झाला. ह्या मोजणीची सांखळी तेहतीस फुटांची असे. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागास आणा म्हणत. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट. हाच एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. सांखळीची लांबी आणि जमिनीचें माप यांची अशी सुरेख सांगड घातलेली होती.

मोजणीदार शेतावर जाऊन टिपण काढी. टिपणांत शेताची आकृति आणि तिच्या बाजूंचीं मापें असत. त्या मापांवरून त्रिकोण, चौकोन पाडून क्षेत्रफळ काढावयाचें, तें गुणाकार बुकांत. आणि गुणाकारांतील क्षेत्रावरून गांवच्या सर्व शेतांचें क्षेत्र आणि आकार जेथें ओळीनें मांडावयाचे, तो आकारबंद. टिपण, गुणाकार, आकारबंद: नकाशापासून कोष्टकापर्यंतच्या ह्या तीन पायऱ्या. एका पायरीवरील आंकडा दुसरीवर नेणारा दुवा म्हणजे कारकुनाचा हात. तो हात चुकत नसे असें नाहीं. परंतु आपण उतारा करीत आहों, हें त्या हाताला ठाऊक असे. आणि उताऱ्यावर दुसऱ्या कोणाची तरी तपासणीची सही लागे. चूक निघाली तर मागच्या पायरीवर जाऊन पाहतां येई. ही मागें जाऊन पाहण्याची संवय हाच त्या पद्धतीचा प्राण होता.

आतां यंत्राकडे वळूं. संगणकाच्या पडद्यावर रेषा काढण्याचा प्रसिद्ध प्रयोग आयव्हन सदरलँड यांनीं १९६३ मध्यें अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या संस्थेंत केला. त्याचें नांव स्केचपॅड. आंकड्यांचें आपोआप बेरीज करणारें कोष्टक १९७९ मध्यें व्हिजिकॅल्क ह्या नांवानें बाजारांत आलें. तें डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनीं रचलें होतें. नकाशे काढण्याचें ऑटोकॅड १९८२ मध्यें आलें आणि एक्सेल १९८५ मध्यें. म्हणजे रेषेचें यंत्र आणि आंकड्याचें यंत्र हीं दोन निराळ्या घरांत जन्मलेलीं भावंडें आहेत. त्यांची सोयरीक मागाहून जुळली. ऑटोकॅडमधील नकाशावरच्या कोष्टकाला एक्सेलच्या पानाशीं दुव्यानें बांधण्याची सोय २००७ सालीं निघालेल्या आवृत्तींत झाली.

हा दुवा म्हणजे नक्की काय, हें समजलें कीं अर्धें काम झालें. पुष्कळांची कल्पना अशी असते कीं, एक्सेलचें पान नकाशाच्या पोटांतच जाऊन बसतें. तसें होत नाहीं. नकाशाच्या पोटांत दोनच गोष्टी असतात: एक, त्या पानाचा पत्ता, म्हणजे तें कोणत्या फोल्डरांत, कोणत्या नांवाच्या फाइलींत, कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत आहे याची नोंद, आणि दुसरी, मागच्या वेळीं त्या पत्त्यावर जाऊन आणलेली आंकड्यांची नक्कल. दुवा म्हणजे टेलिफोनची चालू तार नव्हे. तो टपालाचा व्यवहार आहे. पत्र मागविलें तर येतें, न मागविलें तर जुनेंच पत्र समोर राहतें. आणि जुन्या पत्राचा कागद नव्याइतकाच पांढरा दिसतो.

येवढी पूर्वपीठिका झाल्यावर एखादें ठिकाण डोळ्यांपुढें आणावें, म्हणजे गोष्ट हवेंत राहणार नाहीं. पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यांत जामसर हें गांव आहे. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. नंतर हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत आला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा निराळा जिल्हा झाल्यावर त्यांत गेला. सह्याद्रीच्या उतारावरील हा डोंगराळ प्रदेश. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा जमातींची येथें वस्ती. सपाटीवर भात आणि वरकस उतारावर नाचणी, वरी हीं पिकें. पाऊस भरपूर, पण पावसाळा सरल्यावर पाण्याची आणि कामाची दोहोंचीहि टंचाई. त्यामुळें दिवाळीनंतर अनेक कुटुंबें भिवंडी, वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडीं परत येतात.

ह्या भागांत उतारावरच्या कित्येक जमिनी वनखात्याच्या हद्दींत मोडतात. पिढ्यान् पिढ्या त्या कसणाऱ्यांचा हक्क मान्य करण्यासाठीं २००६ सालीं वन हक्क मान्यतेचा कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून प्रत्यक्ष ताब्यांत असलेली जमीन, जास्तींत जास्त चार हेक्टरपर्यंत, ह्या कायद्यानें मिळूं शकते. दावा प्रथम ग्रामसभेपुढें येतो, तेथून उपविभागीय समितीकडे आणि शेवटीं जिल्हा समितीकडे जातो. दावेदार विवाहित असेल तर पति आणि पत्नी दोघांचींहि नांवें हक्कपत्रावर यावयाचीं. हा हक्क वारसांकडे जातो, पण विकतां येत नाहीं. म्हणजे ह्या पत्रावरील क्षेत्राचा आंकडा एका पिढीचा नसून पुढच्या सर्व पिढ्यांचा आहे.

आतां अशी कल्पना करावी कीं, जामसरसारख्या गांवांतील चाळीस दाव्यांचा एक नकाशा संगणकावर काढलेला आहे, आणि त्याच्या कोपऱ्यांत चाळीस ओळींचें कोष्टक दुव्यानें बसविलेलें आहे: अनुक्रम, दोघांचीं नांवें, क्षेत्र. सतरावी ओळ एका कुटुंबाची. तिच्यांत ०.६०७० हेक्टर, म्हणजे ६० आर ७० चौरस मीटर, जुन्या मापानें दीड एकर, असें क्षेत्र लिहिलेलें आहे. फेरतपासणींत असें आढळलें कीं, ओढ्याकडील वीस मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब असा नाचणीचा पट्टा मोजणींतून सुटला होता. हा पट्टा आठशें चौरस मीटरांचा, म्हणजे आठ आर. नकाशांतील रेषा दुरुस्त केली. आतां क्षेत्र ०.६८७० व्हावयास हवें. परंतु कागद छापून आला तेव्हां नकाशांत नवी रेषा आणि कोष्टकांत जुनाच आंकडा! हक्कपत्र लिहिणारा मनुष्य रेषा मोजीत बसत नाहीं. तो कोष्टक पाहून लिहितो. कुटुंब त्या वेळीं वीटभट्टीवर असेल तर हरकत घेणार कोण? आठ आर म्हणजे सुमारें आठ गुंठे. शहरांतील मनुष्यास हा आंकडा लहान वाटेल. डोंगरउतारावर एका घराची कित्येक दिवसांची भाकरी त्यांत असते.

चूक कोठें झाली? येथें घाईघाईनें कोष्टकांतील घरांत ०.६८७० असा आंकडा हातानें लिहून मोकळें होण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे. ज्या घराला दुवा जोडलेला असतो, त्याला यंत्र सामान्यतः कुलूप घालतें. तें उघडून आंत आंकडा लिहितां येतो. पण मुळांतलें एक्सेलचें पान तसेंच राहतें, आणि पुढच्या वेळीं कोणी नवें टपाल मागविलें कीं हातानें केलेली दुरुस्ती पुसली जाऊन जुनी चूक पुन्हां येऊन बसते. पुसल्याचें कोणाला कळतहि नाहीं. नकाशाकडून मूळ पानावर लिहिण्याचीहि सोय यंत्रांत आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. आणि दोन्ही बाजूंनीं लिहिणें सुरू झालें, म्हणजे शेवटीं कोण बोललें तेंच खरें, असा कारभार होतो. म्हणून पहिला नियम हा कीं, आंकड्याचें माहेर एकच असावें. दुरुस्ती करावयाची ती तेथें. इतरत्र फक्त नक्कल जावी.

मग शोध कसा घ्यावा? ज्याप्रमाणें पाण्याचा नळ कोरडा पडला तर जाणता मनुष्य तोटी फोडीत नाहीं, तर तोटीपासून टांकीकडे मागें मागें जातो, त्याप्रमाणें कोष्टकापासून जमिनीकडे एकेक पायरी मागें जावें. आरंभीं दोन्ही फाइलींची एक प्रत बाजूला ठेवावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कोणत्या औषधानें आला हें कळत नाहीं.

पहिली पायरी पत्त्याची. एक्सेलच्या पानांत कोपऱ्यांतील एखाद्या घरांत मुद्दाम एक खुणेचा शब्द लिहावा, पान जतन करावें, आणि नकाशांतून दुव्याचें टपाल मागवावें. खूण आली तर रस्ता चालू आहे. नाहीं आली तर बहुधा फाइल दुसऱ्या फोल्डरांत गेली आहे, तिचें नांव बदललें आहे, किंवा काम एका संगणकावरून दुसऱ्यावर नेलें आहे. पत्ता संपूर्ण लिहिलेला असेल, म्हणजे अमुक यंत्र, अमुक कप्पा, अमुक फोल्डर असा, तर यंत्र बदलतांच तो निरुपयोगी होतो. त्यापेक्षां नकाशा आणि कोष्टक एकाच फोल्डरांत ठेवून पत्ता नकाशाच्या जागेपासून मोजलेला असावा. म्हणजे बिऱ्हाड हललें तरी शेजार सुटत नाहीं. आणखी एक फसगत अशी कीं, एकाच नांवाच्या दोन फाइली असतात: एक टेबलावरच्या संगणकांत, दुसरी खिशांतल्या पेन ड्राइव्हवर. दुरुस्ती एकीत होते आणि दुवा दुसरीकडे पाहत असतो.

दुसरी पायरी ओळींच्या मर्यादेची. दुवा बांधतांना कोष्टकाची पहिली ते चाळिसावी ओळ अशी हद्द नेमून दिली असेल, आणि मागाहून एकेचाळिसावा दावा आला, तर तो एक्सेलमध्यें दिसेल, नकाशावर दिसणार नाहीं. यंत्र तक्रार करणार नाहीं. त्याला सांगितलें तेवढें तें करतें. उपाय असा कीं, त्या भागाला एक नांव द्यावें आणि दुवा त्या नांवाशीं बांधावा. नवी ओळ शेवटीं जोडण्याऐवजीं मधें घालावी, म्हणजे ती नांवाच्या आंत येते. ओळी गळून पडणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. २०२० सालीं इंग्लंडांत कोविडच्या सांथींत एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसल्यामुळें १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढें गेलीच नाहीं, आणि त्यांच्या सहवासांत आलेल्या लोकांचा शोध लांबणीवर पडला. तेथेंहि यंत्रानें आरडाओरड केली नव्हती.

तिसरी पायरी आंकड्याच्या जातीची. आपल्याकडे हेक्टर, आर आणि चौरस मीटर मधें टिंबें देऊन ०.६०.७० असें लिहिण्याची रीत आहे. मनुष्य तें बरोबर वाचतो; परंतु दोन टिंबांचा आंकडा यंत्राच्या मतें आंकडाच नव्हे, तो मजकूर होय. बेरीज करतांना यंत्र असा मजकूर मुकाट्यानें वगळतें. सर्व ओळी डोळ्यांना दिसतात आणि बेरीज मात्र कमी भरते! म्हणून क्षेत्र एकाच मापांत, एकाच टिंबानें लिहावें. हिश्शाच्या क्रमांकाचें दुखणें याच्या उलट आहे. बारा भागिले तीन अशा रीतीनें लिहिलेला १२/३ हा हिस्सा यंत्र तारीख समजतें. भारतीय मांडणीच्या यंत्रावर तो १२ मार्च होतो, आणि अमेरिकन मांडणीच्या यंत्रावर ३ डिसेंबर. तो रकाना आधींच मजकुराचा म्हणून नेमून ठेवला तर हा घोळ होत नाहीं. कोणास हें हास्यास्पद वाटेल. परंतु ह्याच खोडीमुळें शास्त्रज्ञांच्या कोष्टकांतील मार्च आणि सेप्ट ह्या अक्षरांनीं सुरू होणारीं जनुकांचीं नांवें तारखा होऊन बसत, आणि शेवटीं २०२० सालीं नामकरण समितीनें त्या जनुकांचींच नांवें बदललीं. यंत्राची खोड जात नाहीं म्हणून मनुष्यानें आपलें नांव बदलावें, असा हा प्रकार!

चौथी पायरी दशांश स्थळांची आणि मापांची. ०.६०७० हें क्षेत्र दोनच स्थळांपर्यंत दाखवावयास सांगितलें तर ०.६१ दिसतें, तीस चौरस मीटर वाढल्याचा भास होतो. अशीं तीन शेतें असतील तर दिसणाऱ्या आंकड्यांची बेरीज १.८३ येते, आणि यंत्र मात्र १.८२ दाखवितें, कारण तें आंतल्या खऱ्या आंकड्यांची बेरीज करतें. येथें कोणीच खोटें बोलत नाहीं. एक पूर्ण बोलतो आणि दुसरा थोडक्यांत. हक्काच्या कागदावर थोडक्यांत बोलूं नये. तसेंच गुंठा आणि आर हे एक नव्हेत. गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा, आर शंभरांचा. फरक शेंकडा एकाहून थोडा अधिक. पण एका रकान्यांत दोहोंची सरमिसळ झाली तर तो शोधतां शोधतां पुरेवाट होते.

पांचवें दुखणें अक्षरांचें. एक्सेलमध्यें देवनागरी नांवें नीट दिसतात आणि नकाशावर आल्यावर त्यांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटतात. दुवा तुटला असें समजून लोक घाबरतात. वस्तुतः टपाल बरोबर आलेलें असतें. वाचणाऱ्यापाशीं चष्मा नसतो. नकाशाच्या जुन्या रेषामय अक्षरसंचांत देवनागरी नाहीं. कोष्टकाच्या अक्षरशैलीस मंगल किंवा निर्मला यांसारखा युनिकोड अक्षरसंच दिला कीं नांवें परत येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या अक्षरसंचांत टंकलेलें नांव मात्र अक्षरसंच बदलून सुधारत नाहीं. तें पुन्हां टंकावें लागतें. जेथें हक्कपत्रावर पति आणि पत्नी दोघांचीं नांवें यावयाचीं आहेत, तेथें पत्नीच्या नांवाच्या जागीं प्रश्नचिन्ह राहणें ही केवळ छपाईची चूक म्हणतां येणार नाहीं.

इतक्या पायऱ्या उतरूनहि आपल्या सतराव्या ओळीचें कोडें सुटलें नसेल. दुवा चालू आहे, ओळी पूर्ण आहेत, आंकडा आंकडाच आहे, तरीहि क्षेत्र जुनेंच. तेव्हां सहावी पायरी उतरावी, आणि बहुधा रोगाचें मूळ तेथेंच सांपडतें. दुवा एक्सेलपासून नकाशावरील कोष्टकापर्यंत आहे. परंतु नकाशांतील रेषेपासून एक्सेलपर्यंत काय आहे? बहुतेक ठिकाणीं तेथें यंत्र नसून तोच जुना कारकुनाचा हात असतो! कोणी तरी आकृतीचें क्षेत्रफळ पडद्यावर पाहिलें आणि एक्सेलमध्यें टंकलें. वाटेचा दुसरा अर्धा भाग यंत्रानें जोडला आणि पहिला अर्धा मोकळाच राहिला. रेषा हलविली कीं कोष्टक हलेल, हा समज म्हणून खोटा ठरतो. जुन्या कारकुनाला आपण उतारा करीत आहों हें ठाऊक तरी असे. येथें दुवा आहे ह्या समजुतीनें उतारा करण्याचेंच कोणाला स्मरत नाहीं.

ह्यावर दोन उपाय आहेत. एक, कोष्टकांतील क्षेत्राचें घर एक्सेलशीं न बांधतां सरळ त्या शेताच्या आकृतीशींच बांधावें; यंत्रांत तशी सोय आहे. मग रेषा हलली कीं पुढच्या उजळणीला आंकडा बदलतो. मात्र आकृति दुरुस्त करावी, पुसून नवी काढूं नये. जुनी पुसली तर तिच्याशीं बांधलेल्या घरांत आंकड्याऐवजीं चार फुल्या दिसूं लागतात. त्याचा अर्थ असा कीं, ज्याची साक्ष घ्यावयाची तो साक्षीदारच हजर नाहीं. ह्या फुल्यांवर रागावूं नये. खोटा आंकडा दाखविण्यापेक्षां त्या प्रामाणिक आहेत. उलट आकृतीची रेषा एके ठिकाणीं उघडी राहिली असतां यंत्र तीं दोन टोकें मनानेंच सरळ जोडून क्षेत्रफळ सांगून टाकतें. अशा आंकड्यापासून सावध असावें. दुसरा उपाय, सर्व आकृतींचीं क्षेत्रफळें यंत्राकडूनच काढवून घेऊन त्यांचें निराळें कोष्टक करावें, आणि तें मूळ कोष्टकाशेजारीं ठेवून वजाबाकी करावी.

ह्या वजाबाकीला शाळेंतल्या गणितानें मोठी मदत होते. एकूण बेरजांतील फरक पाहावा. तो ०.०८०० असेल तर आठ आर कोणाच्या शेतांत वाढले वा घटले, इतकेंच शोधावयाचें. दोन शेजारचे अंक उलटसुलट टंकले गेले तर फरकाला नवानें नेहमीं भाग जातो, ०.६८७० च्या जागीं ०.६७८० पडलें तर फरक नव्वद चौरस मीटर. नवानें भाग गेला म्हणजे हाच दोष आहे असें मात्र सिद्ध होत नाहीं. पण प्रथम कोठें पाहावें हें कळतें.

यंत्राच्या बाजूच्या पायऱ्या येथें संपतात. पण एक पायरी उरते, आणि ती खालची म्हणजे जमिनीचीच. उतारावरून पावलांनीं शेत मोजणारा शेतकरी नकाशापेक्षां अधिक माप सांगतो, तेव्हां त्याला खोटें ठरविण्याची घाई करूं नये. नकाशा जमीन आडवी धरून मोजतो. वीस अंशांच्या चढावर शंभर मीटर चालणारा मनुष्य नकाशावर चौऱ्याण्णव मीटरच सरकतो. दोघेहि खरे, मापण्याची तऱ्हा निराळी. हें त्याला समजावून सांगितलें तर पुष्कळ संशय मिटतो. त्याच्या उलट, हातांत धरावयाच्या जीपीएस यंत्राला झाडीच्या प्रदेशांत कांहीं मीटरांची चूक होतेच. शंभर मीटर लांबीची एक बाजू तीन मीटर सरकली कीं तीन आर इकडचे तिकडे होतात. ही चूक दुव्यानें दिसत नाहीं, बेरजेनें दिसत नाहीं. नकाशा आणि कोष्टक यांचा मेळ अगदीं चोख बसलेला असतो आणि दोघेहि चुकलेले असतात. तिला ओळखणारा एकच: तो बांध रोज तुडविणारा मनुष्य.

तात्पर्य, दुवा आंकडा वाहून नेतो. त्याच्या खरेपणाची हमी देत नाहीं. पोस्टमन पत्र पोहोंचवितो, पण त्यांतील मजकुराला तो जामीन नसतो. म्हणून ज्या कचेरींत असे नकाशे होतात तेथें तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ साधेल. कागद छापण्यापूर्वीं दुव्याचें टपाल मागवून, कोणत्या तारखेचे आंकडे आहेत हें कोष्टकाखालीं लिहावें. आकृतींची बेरीज आणि कोष्टकाची बेरीज शेजारीं शेजारीं छापावी. आणि रेषा बदलल्याची नोंद जेथें होते, तेथेंच आंकडा तपासल्याचीहि सही घ्यावी.

चौथी गोष्ट यंत्राहून फार जुनी आहे. महाराष्ट्रांत सात-बारा संगणकावर आणल्यावर ते बिनचूक करण्याच्या कामीं चावडीवाचनाचा आधार घ्यावा लागला. लोकांपुढें उतारा मोठ्यानें वाचावयाचा, आणि ज्याची जमीन त्यानें बरोबर कीं चूक तें सांगावयाचें. वन हक्काचें कोष्टकहि असेंच ग्रामसभेंत ओळीओळीनें वाचलें जावें; आणि तें माघ-फाल्गुनांत, घरें रिकामीं असतांना नव्हे, तर लोक भट्ट्यांवरून परतल्यावर, पेरणीच्या आधीं. सतराव्या ओळीशीं वाचणारा थांबेल, आणि कोणी तरी उठून म्हणेल कीं, ओढ्याकडचा पट्टा ह्यांत आला नाहीं. ज्या चुकीचा पत्ता सहा पायऱ्या उतरून लागावयाचा, ती एका वाक्यांत उघडी पडेल. ती चूक पुढें मूळ पानांतच दुरुस्त व्हावी आणि दुसऱ्या वाचनांत नवा आंकडा त्या कुटुंबाच्या कानांवर पडावा, येवढें झालें म्हणजे नकाशा आणि कोष्टक यांचा संसार पुन्हां सुरळीत लागला असें समजावें.